विहिरीतला बैल आणि पिंजऱ्यातली माकडीण

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील एक कन्या आम्हांला भेटावयास आली. ती अमेरिकेत एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात काम करते. तेथील माकडांना खाणेपिणे देणे, पिंजरे स्वच्छ ठेवणे, कोण खात नाही, कोण मलूल आहे याची रोजच्या रोज वहीत नोंद करणे हे तिचे काम. बोलणे घरच्या खुशालीवरून सुरू झाले. मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि एकाएकी म्हणाली, "फादर, एक विचारू? माकडाच्या बाबतीत माणसाच्या हातून पाप घडू शकते का?"

प्रश्न ऐकून आम्हांला प्रथम हसू आले, हे कबूल केले पाहिजे. तिचा चेहरा पाहिल्यावर ते हसू आपोआप मावळले. तिने जे सांगितले ते प्रायश्चित्त संस्कारातील निवेदन नव्हते, आणि ते लिहिण्यास तिची संमती आहे. म्हणूनच येथे ते मांडत आहोत.

तिच्याकडील माकडांत एक वयस्क मादी होती. पूर्वी तिच्यावर काही प्रयोग झाले होते, परंतु त्या वेळी ती कोणत्याही चालू प्रयोगात नव्हती. एका शनिवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे फळ घ्यायला पुढे आली नाही. हातांनी जाळी धरून ती अंग ओढत होती आणि मागचे दोन्ही पाय निर्जीवासारखे फरफटत होते. आमच्या कन्येने वहीत नोंद केली. सुट्टीच्या दिवशी पशुवैद्यांना दूरध्वनी करण्याची सोय होती. पण सोबतचा सहकारी म्हणाला, "ही आता कुठल्याच प्रयोगात नाही. सोमवारी पाहू." तिनेही मनात म्हटले, सोमवारी पाहू. रविवारी ती माकडीण स्वतःच्याच मूत्रात पडून होती. सोमवारी पशुवैद्य आले, छायाचित्रे घेतली गेली, आणि कारण कळले. कोणी तिला इजा केली नव्हती. तिच्या मणक्यातील गादी सरकून मज्जारज्जूवर दाबली गेली होती. मागच्या पायांतील संवेदना पार गेली होती. बरे होण्याची आशा नाही असे ठरल्यावर औषध देऊन तिचे जीवन शांतपणे संपविण्यात आले. गुंगी चढेपर्यंत आमच्या कन्येने तिचा हात हातात धरला होता.

"मारले याचे मला इतके वाटत नाही, फादर," ती म्हणाली. "ते दोन दिवस जात नाहीत मनातून. मी फोन केला नाही."

आम्ही तिला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. पुढे कित्येक दिवस आम्ही या प्रश्नाचा विचार करीत राहिलो, काही वाचले, एका आजारी बांधवाशी बोललो. त्या विचाराचा धागा वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या माकडिणीला झाले तरी काय, हे समजून घेऊ. आपल्या पाठीच्या कण्यात एकावर एक मणके रचलेले असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. तिचे बाहेरचे आवरण चिवट असते आणि आतला गर मऊ. वयोमानाने ही गादी झिजते, आवरणाला चीर पडते आणि आतला गर बाहेर ढकलला जातो. तो एखाद्या मज्जातंतूवर दाबला तर पायात कळा जातात. ज्या भागात मज्जारज्जू आहे तेथे तो मागे सरकून रज्जूवरच दाबला तर त्याखालचे अंग लुळे पडू शकते. गादी सरकल्यामुळे मज्जातंतू चेपतात ही गोष्ट वैद्यकाने फार जुन्या काळी ओळखली असे नाही. अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी १९३४ साली ती स्पष्टपणे मांडली. आज आपल्या प्रत्येक धर्मग्रामात "गादी सरकली" म्हणून पट्टा बांधून चालणारी माणसे आहेत. प्रस्तुत लेखकही त्यांच्यातीलच एक.

मकाक जातीच्या माकडांनाही हा विकार म्हातारपणी जडतो. त्यांच्या कमरेत मणके सात, आपल्या कमरेत पाच, एवढा फरक सोडला तर रचना पुष्कळशी सारखीच. माकडेही बराच वेळ ताठ बसतात, तीही म्हातारी होतात, आणि चांगली निगा राखली तर प्रयोगशाळेत पंचवीस वर्षांच्या पुढेही जगतात. आणखी एक गोष्ट आमच्या कन्येने सांगितली. माकड आपले दुखणे लपवते. कळपात दुबळे दिसणे धोक्याचे, म्हणून शक्य तोवर ते काही दाखवीतच नाही. त्याचे पाय फरफटताना दिसू लागतात तेव्हा दुखणे पुष्कळ पुढे गेलेले असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माकडे प्रयोगशाळेत असावीतच का? या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी आपण त्यांचे किती देणे लागतो हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. पोलिओची पहिली लस १९५५ साली अमेरिकेत मान्य झाली. ती लस माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर विषाणू वाढवून तयार केली जात असे. त्या काळी परदेशी गेलेली असंख्य माकडे आपल्या उत्तर भारतातील लाल तोंडाची रीसस माकडे होती. आमच्या लहानपणी प्रत्येक गावात पोलिओने पाय वाळलेले एखादे मूल असे. आजच्या मुलांनी ते दृश्य पाहिलेले नाही. रक्तगटाला आपण "आर-एच पॉझिटिव्ह" म्हणतो, त्यातील ती दोन अक्षरेही रीसस माकडावरूनच आली आहेत. अगदी अलीकडे, २०२० साली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोविडवरील भारतीय लसीची परीक्षा २० रीसस माकडांवर घेतली. ती लस आपल्यापैकी अनेकांनी टोचून घेतली आहे.

मज्जारज्जूच्या इजेबाबतही असेच आहे. उंदरांवर यशस्वी ठरलेले अनेक उपाय माणसांवर फसले. याचे एक कारण असे सांगतात की मेंदूपासून हाताच्या बोटांपर्यंत हुकूम नेणारे तंतू माकडात आणि माणसात जसे थेट पोहोचतात तसे उंदरात पोहोचत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ माकडाकडे वळतात. ग्रेगॉर कुर्तीन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन रीसस माकडांच्या मज्जारज्जूचा एका बाजूचा भाग छेदून एक पाय लुळा करण्यात आला. मग मेंदूतील संदेश बिनतारी यंत्राने टिपून ते इजेच्या खालच्या भागाला पोहोचविण्यात आले, आणि माकडाचा लुळा पाय पुन्हा चालू लागला. त्यानंतर सात वर्षांनी, २०२३ साली, त्याच मार्गाने गेलेल्या संशोधनातून नेदरलँड्समधील एक गृहस्थ, सायकलच्या अपघाताने दहा वर्षांहून अधिक काळ पंगू झालेला, आधार घेऊन उभा राहिला आणि चालू लागला. ही गोष्ट वाचताना आमचे डोळे भरून आले. परंतु त्या दोन माकडांचा मज्जारज्जू कोणीतरी हेतुपुरस्सर छेदला होता, हेही त्याच पानावर लिहिलेले होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९५५ साली भारतातून निघालेली शेकडो माकडे लंडनच्या विमानतळावर गुदमरून मेली आणि आपल्या सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले. १९७८ साली ही निर्यात पूर्णपणे थांबविण्यात आली. रोग बरे करण्यासाठी म्हणून नेलेली माकडे अण्वस्त्रांच्या किरणांचा परिणाम पाहण्यासाठी वापरली जात आहेत, अशा बातम्या त्यामागे होत्या. १९८१ साली अमेरिकेतील मेरिलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग या गावी एका प्रयोगशाळेतून पोलिसांनी १७ माकडे ताब्यात घेतली. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञांनी त्यांच्या हाताकडून मज्जारज्जूकडे संवेदना नेणाऱ्या नसा छेदल्या होत्या. माकडे अस्वच्छ पिंजऱ्यांत होती, काहींनी संवेदना नसलेली आपलीच बोटे चावून टाकली होती. खटला चालला, शिक्षा झाली, आणि वरिष्ठ न्यायालयाने ती कायद्याच्या मुद्द्यावर रद्द केली. पुढे याच संशोधनातून अर्धांगवायूच्या रुग्णांना दुबळा हात पुन्हा वापरावयास शिकविणारी एक उपचारपद्धती निर्माण झाली आणि तिचा लाभ पुष्कळ रुग्णांना झाला.

वाचकहो, येथे मन गोंधळून जाते. लाभ खरा आणि हालही खरे. लाभ झाला म्हणून ते घाणेरडे पिंजरे क्षम्य ठरतात का? आमच्या मते नाही. त्या उपचारासाठी नसा छेदणे कदाचित आवश्यक असेल, परंतु पिंजरा घाण ठेवणे कशासाठीही आवश्यक नव्हते. सगळा प्रश्न या भेदात आहे असे आम्हांला वाटू लागले.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत काय आहे? सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने प्राण्यांची तुलना यंत्राशी केली होती आणि त्याच्या काही अनुयायांना प्राण्याचा आक्रोश घड्याळाच्या किरकिरीसारखा वाटे. ही कल्पना पवित्र शास्त्रात बसणारी नाही. उत्पत्तीच्या ग्रंथात परमेश्वर माणूस घडविण्यापूर्वीच प्राणिमात्र निर्माण करतो आणि ते पाहून त्याला ते चांगले वाटतात. शब्बाथाचा विसावा तो माणसाबरोबर गुराढोरांनाही देतो. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तरी त्याला उठविण्यास हात लाव, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. गाढव वैऱ्याचे असले म्हणून गाढवाचा काय दोष?

संत थॉमस अक्वायनस यांची भूमिका आम्ही सेमिनरीत शिकलो. ते प्राण्यांचा उपयोग करण्याचा माणसाचा अधिकार मान्य करतात. प्राण्यांशी निर्दयपणे वागू नये याचे कारण ते असे देतात, की प्राण्यांवर क्रौर्य करणाऱ्याला माणसांवर क्रौर्य करण्याची सवय लागते. विद्यार्थिदशेत आम्हांला हे पुरेसे वाटले होते. आज ते अपुरे वाटते. कारण मग ज्या क्रौर्याची कोणालाच सवय लागत नाही, जे बंद दाराआड एकदाच घडते, त्याबद्दल काहीच म्हणता येणार नाही. संतांचा हा विचार चुकीचा नाही, तो अर्धा आहे. उरलेला अर्धा ख्रिस्तसभेने पुढे सांगितला.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये सातव्या आज्ञेच्या विवरणात, म्हणजे चोरी करू नये या आज्ञेखाली, प्राण्यांचा विषय येतो. हे स्थान विचार करावयास लावणारे आहे. प्राणी परमेश्वराचे आहेत आणि आपल्याकडे ते सांभाळण्यासाठी दिलेले आहेत. त्यांच्याशी वाईट वागणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीत अफरातफर करणे. कॅटेकिझम म्हणतो की प्राणी आपल्या केवळ अस्तित्वानेच परमेश्वराचे स्तवन करतात. संत फ्रान्सिस असिसीकर आणि संत फिलिप नेरी यांच्या मायाळूपणाची तो आठवण करून देतो. प्राण्यांवरील वैद्यकीय प्रयोग तो नीतिमान्य ठरवितो, पण दोन अटींवर. ते वाजवी मर्यादेत असावेत आणि मनुष्याचे प्राण वाचविण्यास अथवा त्याची सेवा करण्यास त्यांचा उपयोग व्हावा. प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तो बजावतो. त्याच ठिकाणी तो आपल्यालाही सावध करतो, की माणसांचे दैन्य दूर करण्यासाठी जे द्यावयाचे ते प्राण्यांवर उधळू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच अटींचा पुनरुच्चार केला आणि प्रत्येक जीवाला परमेश्वराच्या दृष्टीने स्वतःचे असे मोल आहे हे स्पष्ट केले.

या शिकवणीपलीकडे जाऊन काही थोर कॅथलिकांनी प्रयोगांना संपूर्ण विरोध केला हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप कार्डिनल मॅनिंग हे जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीविरुद्धच्या चळवळीत अग्रभागी होते. आम्ही त्यांच्याइतके दूर जाऊ शकत नाही. का जाऊ शकत नाही, याचे कारण आमच्या धर्मग्रामातील एका घरात खाटेवर पडून आहे.

तो आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. नऊ वर्षांपूर्वी नारळ काढताना तो माडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्याला ख्रिस्तशरीर देण्यास जातो. जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर आम्ही नाव न घेता त्या माकडिणीची हकीकत त्याला सांगितली. सांगावी की नाही असा विचार मनात होता. आपल्या दुःखाची माकडाशी तुलना केली म्हणून त्याला वाईट वाटेल, ही भीती होती.

तो आधी म्हणाला, "फादर, माझे पाय परत येणार असतील तर खुशाल हजार माकडे आणा. मी खोटे कशाला बोलू?" आम्ही काही बोललो नाही. त्याच्या खाटेशी उभे राहून त्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग थोड्या वेळाने त्यानेच विचारावयास सुरुवात केली. तिला लघवीचे कळत होते का? तिची कूस कोण बदलत होते? अंगाखाली काही मऊ घातले होते का? पाठीला जखमा झाल्या होत्या का? आम्ही सेमिनरीत आठ वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, परंतु यांपैकी एकही प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. ती दोन दिवस तशीच पडून होती हे ऐकल्यावर त्याने मान भिंतीकडे वळवली. "रविवारी तरी कोणीतरी पुसून घ्यायला हवे होते," तो म्हणाला. "त्याला काय डॉक्टर लागतो?"

आम्हांला जे शोधूनही सापडत नव्हते ते त्याने सांगितले होते. हजार माकडांची गोष्ट तो मनापासून बोलला होता आणि ही गोष्टही. त्या दोहोंत विसंगती नाही. माणसाचे प्राण वाचविण्यासाठी प्राण्याचा उपयोग करण्याची परवानगी एक गोष्ट आहे. त्या परवानगीने प्राण्याविषयीची आपली बाकी कर्तव्ये रद्द होत नाहीत. उलट ती वाढतात, कारण रानात स्वतःची सोय पाहू शकणाऱ्या जीवाला आपण कुलूप लावले आहे. पिंजऱ्यातल्या प्राण्याला पाणी हवे तर ते आपल्याच हातून मिळते आणि वैद्यही आपणच बोलावला तर येतो.

आमच्या वडिलांची एक आठवण येते. आमच्या वाडीत विहिरीवर रहाट होता आणि त्याला रेडा जुंपला जाई. डोळ्यांवर झापड बांधून तो दिवसभर गोल फिरत असे. वडील त्याच्याकडून काम कसून घेत, त्यात दयामाया नव्हती. परंतु रविवारी रहाट बंद असे, आणि मिस्सेला निघण्यापूर्वी ते रेड्याला पाणी पाजून, त्याच्या खांद्यावर सोलवटलेल्या जागी तेल लावून मगच कपडे बदलत. एकदा आम्ही म्हणालो, "बाबा, घंटा झाली, उशीर होईल." ते म्हणाले, "परमेश्वर थांबेल, रेडा बोलून दाखवणार नाही." वडील चौथीपर्यंत शिकलेले होते.

शुभवर्तमानात प्रभू येशू हाच विषय काढतो. शब्बाथ दिवशी एका जलोदर झालेल्या माणसाला बरे केल्यावर तो परुश्यांना विचारतो, की तुमच्यापैकी कोणाचा मुलगा किंवा बैल शब्बाथ दिवशी विहिरीत पडला तर तो त्याला लगेच बाहेर काढणार नाही काय? संत लूकच्या चौदाव्या अध्यायातील हा प्रसंग आम्ही कितीदा वाचला आणि त्यावर कितीदा प्रवचन केले. दर वेळी आमचे लक्ष त्या रुग्णाकडे आणि परुश्यांच्या दांभिकपणाकडे गेले. बैलाकडे कधी गेले नाही. प्रभूने मात्र बैलाची गोष्ट सर्वांना मान्य असलेली म्हणूनच पुढे केली. माणूस मेंढरापेक्षा कितीतरी मोलाचा आहे हे तोच संत मत्तयच्या शुभवर्तमानात सांगतो. पण मेंढराला खड्ड्यातून काढावयाचे असतेच, यावर तो वाद घालीत नाही. आणि "लगेच" हा शब्द त्या प्रश्नाचा प्राण आहे. सोमवारी पाहू, असे कोणी म्हणत नाही.

त्या प्राणिगृहातील सहकारी काय म्हणाला होता? ही आता कुठल्याच प्रयोगात नाही. बैल नांगराला उपयोगी नसेल तर त्याला विहिरीतच राहू द्यावे, असाच त्याचा अर्थ होतो. तो सहकारी दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. उपयोगाच्या चौकटीतून सतत पाहणाऱ्या डोळ्यांना उपयोग संपलेला जीव दिसेनासा होतो, एवढेच. ही सवय माकडापाशी थांबत नाही. आपल्या घरातील वृद्ध, नोकरीतून निवृत्त झालेला मजूर, खाटेला खिळलेला भाऊ यांच्याकडे पाहतानाही आपण नकळत विचारतो, आता याचा काय उपयोग? या ठिकाणी संत थॉमस यांचा इशारा अक्षरशः खरा ठरतो.

प्रयोगशाळांसाठीही हा विचार नवा नाही. रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन नियम मांडले, ते आज जगभर मानले जातात. प्राण्यावाचून काम होत असेल तर प्राणी वापरू नये, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरावेत, आणि त्यांना कमीत कमी क्लेश होतील अशी रीत ठेवावी. आपल्या देशातही १९६० च्या कायद्यान्वये प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे. हे नियम आवश्यक आहेत. पण कोणताही नियम रविवारी दूरध्वनी उचलीत नाही. तो कोणीतरी माणसानेच उचलावा लागतो.

तिला मारले ते योग्य झाले का, हा प्रश्न राहतो. आम्हांला वाटते, तिच्या बाबतीत ते दयेचे कृत्य होते. आपल्या वेदनेला अर्थ देणे, उद्याची आशा धरणे, कोणासाठी तरी सोसणे हे तिला शक्य नव्हते. तिला फक्त सोसावे लागले असते. हाच न्याय आमच्या खाटेवरील बांधवाला लावता येणार नाही. त्याचे जीवन आपल्या हातातील वस्तू नाही, ते परमेश्वराने त्याला हाक मारून दिलेले आहे, आणि तो त्या हाकेला दर महिन्याला आमच्यासमोर "आमेन" म्हणून उत्तर देतो. मात्र हा भेद बोलून दाखवावयाचा तर त्याची किंमत आपण मोजली पाहिजे. माणसाला मरण देता येत नाही असे म्हणणाऱ्या धर्मग्रामाने त्याची कूस बदलण्यास, त्याच्या म्हाताऱ्या आईला रात्रीची झोप मिळवून देण्यास पुढे आले पाहिजे. नाहीतर आपले तत्त्वज्ञान त्याच्या पाठीवरील जखमांवर मीठ चोळील.

आमच्या कन्येला आम्ही उत्तर लिहिले. माकडाच्या बाबतीत पाप घडू शकते काय? होय, घडू शकते, कारण ते माकड तुझे नव्हते आणि तुझ्या संस्थेचेही नव्हते. ज्याचे होते त्याने ते तुमच्याकडे सांभाळावयास दिले होते. शनिवारी तू नोंद केलीस ते कर्तव्य होते. फोन केला नाहीस ती चूक होती, आणि ती चूक आहे हे तुला कळते यातच परमेश्वराची कृपा आहे. सोमवारी तू तिचा हात धरलास तेही त्याने पाहिले आहे. दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात त्या बाजारातही त्याचे लक्ष असते.

फेब्रुवारीत तिचे उत्तर आले. तिने वरिष्ठांशी बोलून सुट्टीच्या दिवशीच्या नोंदींसाठी एक नवा नियम करून घेतला होता. प्राणी चालू प्रयोगात असो वा नसो, पाय ओढताना दिसला की त्याच तासात पशुवैद्यांना कळवावयाचे. सुरुवातीला काहींनी कुरकुर केली म्हणे. पत्राच्या शेवटी तिने त्या खाटेवरील बांधवाची चौकशी केली होती. त्याचे चार प्रश्न आम्ही तिला कळविले होते.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही ते पत्र त्याला वाचून दाखविले. "त्याच तासात" हे शब्द त्याने पुन्हा वाचावयास सांगितले. त्या दिवशी युवक मंडळातील दोन मुले आमच्याबरोबर आली होती. निघताना त्याच्या आईने त्यांना थांबवून घेतले, आणि तिघांनी मिळून त्याची कूस बदलली.